देवळीचं कोरं पाकीट

नव्वदच्या दशकात मी एका दैनिकाच्या वर्ध्याच्या कार्यालयात प्रमुख म्हणून आलो. प्रमुख कसला, एक टेबल, एक फोन आणि एक वयस्कर शिपाई. हाताखाली सात वार्ताहर होते, पण सातही आपापल्या तालुक्याच्या गावी. ते बातम्या लिहून पाकिटात घालत, एसटीच्या कंडक्टरकडे देत, आणि संध्याकाळी शिपाई स्टँडवरून ती पाकिटं गोळा करून आणी. माणसं मी पाहिलीच नव्हती. निघताना संपादकांनी बजावलं होतं, "टीम बांधा." कशी बांधायची, ते सांगितलं नाही.

मी बैठक बोलावली. तिघे आले, चहा प्याले, कापसाच्या भावावर बोलले आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. मग मी सगळ्यांना दोन पानी पत्रक पाठवलं. त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. आवडलं की राग आला, तेही कळेना.

त्यातच देवळीची भानगड. तिथले वार्ताहर, सगळे त्यांना भाऊ म्हणत, कापडाचं दुकान सांभाळून बातम्या लिहीत. बैठकीला ते आले नव्हते. पाकीट मात्र रोज यायचं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा आत नुसता कोरा कागद. नीट घडी घातलेला, अगदी कोरा. आधी वाटलं, घाईत चुकले असतील. मग वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. शाळेत आम्ही लिंबाच्या रसाने लिहायचो, ते आठवून मी तो कागद बल्बवरही धरून पाहिला. हे सांगायला आजही लाज वाटते.

"हे कोरं का येतं?" मी शिपायाला विचारलं.

"असंच येते, साहेब. आधीचे साहेब पाहून हसत, आन् ठेवून देत."

आधीचे साहेब निवृत्त होऊन गावी गेले होते. देवळीला फोन लावून सरळ विचारता आलं असतं, पण वार्ताहरापुढे अज्ञान कसं दाखवायचं? मी चिठ्ठी धाडली: बातमी नसेल तर पाकीट पाठवू नये. कोरे कागद बंद झाले. चला, एक तरी गोष्ट शिस्तीत आली, असं वाटून मी खूश झालो.

काही आठवड्यांनी देवळीहून सलग सहा दिवस पाकीट आलं नाही. गावात काही घडत नसेल, असं मी धरून चाललो. सातव्या दिवशी शिपाई स्टँडवरून आला तो म्हणाला, "साहेब, देवळीचे भाऊ इथंच दवाखान्यात हायेत. सहा दिस झाले. कंडक्टर सांगे."

दवाखाना कार्यालयापासून पायी दहा मिनिटांवर. कित्येक महिने मी ज्यांचं अक्षर वाचत होतो, त्यांची खाट कोणती, हे मला नर्सला विचारावं लागलं. त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. मी कोण ते सांगताच स्टुलावरची त्यांची बायको उठली.

"आले का साहेब! मी रोज म्हनत होती, पाकीट गेलं नाई, आता साहेब येतीन. आधीचे साहेब तसेच येत. एक दिस पाकीट नाई भेटलं, की दुसऱ्या दिवशी घरी हजर. म्हनून तर हे रोज धाडत, बातमी असो का नसो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: कोरा कागद म्हणजे बातमी नाही, पण मी ठीक आहे. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी खाटेच्या दांड्याला धरून उभा राहिलो. ती बाहेर चहा आणायला गेली. भाऊंनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं.

"साहेब," ते जड जिभेने म्हणाले, "तुमच्या चिठ्ठीचं हिले काही बोलू नका. म्या सांगितलंच नाई तिले. तिले वाईट वाटलं असतं."

ती चहा घेऊन आली आणि पहिला कप तिने माझ्या हातात दिला.