पातळ वाडग्याचा आवाज

आमच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे माझा लाकूड कातायचा लेथ आहे आणि दुपारचं जेवण झालं की मी तिथे जातो. ओलं लाकूड फिरायला लागलं की त्यातून पाण्याचे बारीक तुषार उडतात, चष्म्यावर येतात, आणि खोलीभर कच्च्या शेंगांसारखा वास सुटतो. पटाशीच्या टोकाखालून छिलके लांबच लांब निघतात आणि माझ्या खांद्यावर येऊन पडतात. अशा वेळी मला कुणी विचारलं की आज वार कोणता, तर मी खुशाल चुकीचा सांगेन.

नोकरीभर मी सातपूरला एका कारखान्यात टर्नर होतो. लोखंड कातत आलो. लोखंड सरळमार्गी, आज ज्या मापाचं सोडाल त्याच मापाचं उद्या भेटतं. लाकडाचं तसं नाही. ओलं लाकूड कातून ठेवलं की रात्रीत ते आपल्या मनाने कुठेतरी वळतं, आणि सकाळी त्याच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. निवृत्तीनंतर मला हेच आवडायला लागलं. आयुष्यभर मापात राहिलेल्या माणसाला कुणीतरी मापाबाहेर जाताना बघून बरं वाटतं.

मी वाडगे करतो, पण घरात वापरायचे नाहीत. ओंडक्याची साल कडेला तशीच ठेवतो. ओंडका मुळात गोल असल्यामुळे वाडग्याची कड सपाट येत नाही. दोन बाजूंनी उचलते, दोन बाजूंनी उतरते, अर्धवट उमललेल्या फुलासारखी. पहिला वाडगा बायकोने हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला आणि यात ठेवायचं काय, असं विचारलं. काही ठेवायचं नाही, नुसता बघायचा, असं मी सांगितलं. तिने मान डोलावली, तो टीव्हीजवळ नेला आणि त्यात रिमोट ठेवला.

असा वाडगा लेथवर फिरतो तेव्हा त्याची कड दिसत नाही. खाली घट्ट लाकूड दिसतं आणि वर, जिथे कड उचलते-उतरते, तिथे नुसतं धुकं असतं. आरपार मागची भिंत दिसते. हिवाळ्यात गंगापूर धरणाकडे गेलं की सकाळी द्राक्षबागांवर असंच काहीतरी तरंगत असतं, आहे म्हणावं तर आहे आणि नाही म्हणावं तर नाही. त्या धुक्याकडे पाहत मी पुष्कळदा पटाशी न लावता नुसता उभा राहिलो आहे. वीज फुकट जाते म्हणून बायको कुरकुरते, आणि तिचं बरोबरच आहे.

त्या धुक्यात पटाशी चालवायची तर डोळे कामाचे नाहीत. कानच लागतात. वाडग्याची भिंत जाड असते तेव्हा आवाज भरीव येतो, पातळ होत गेली की चढतो, आणि एका जागी तो असा काही बारीक होतो की हात आपोआप थांबतो. पुढे गेलात तर वाडगा फुटलाच. आणि माझे कान जात होते.

ते एकदम गेले नाहीत. कारखान्यात आमच्या शेजारीच मोठमोठे प्रेस धडधडायचे, त्यांनी थोडे नेले; उरलेले वयाने नेले. आधी चिमण्या बंद झाल्या. मग कुकरची शिट्टी. पौर्णिमेला विहारात वंदना चालली होती, सगळे एका ओळीनंतर थांबले आणि मी एकटाच पुढे म्हणत राहिलो. पुढे बसलेल्या मुली मागे वळून हसल्या तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. घरात त्याचा उपयोग होतो, पण लेथ सुरू केला की मोटरचा आवाज एवढा मोठा होतो की लाकूड त्यात बुडून जातं. मशीन काढलं तर काहीच नाही.

ऐकू येत नाही तर मोजावं, असं मी ठरवलं. लोखंडाच्या माणसाला दुसरं काय सुचणार. थोडं कातायचं, लेथ बंद करायचा, जाडी मोजायला व्हर्नियर लावायचा, पुन्हा सुरू करायचा. पण पातळ झालेला ओला वाडगा तेवढा वेळही गोल राहत नाही. मी माप घेईपर्यंत तो सुकून जरासा वाकडा झालेला असतो, आणि पुन्हा फिरवून पटाशी लावली की ती उचललेल्या बाजूवर आपटते. लोखंडात जी शिस्त होती तीच इथे घात करत होती. वाडग्यामागे दिवा लावूनही पाहिलं. ओल्या शिरीषाचा बाहेरचा पांढरा भाग उजेडाने मधासारखा पेटला, इतका सुंदर की मी पाहतच राहिलो. पण आतला काळसर गाभा दिव्याला दाद देईना. आणि नेमका तिथेच अंदाज हवा होता.

मला भीती वाटत होती. वाडगे बंद पडले तर दुपारचं मी काय करणार, हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, पण मनात तोच होता. कॉलनीतले माझ्या वयाचे लोक कट्ट्यावर बसून गप्पा मारतात. मला त्या गप्पा ऐकू येत नाहीत. लेथपाशी तरी आजवर मी बहिरा नव्हतो.

मग एक वाडगा फुटला आणि त्याचा तुकडा खिडकीच्या काचेतून बाहेर गेला. मला लागलं नाही. मुलीचा पुण्याहून फोन आला, लेथ विकून टाका म्हणाली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बायको प्लास्टिकची खुर्ची घेऊन खोलीच्या दारात आली, मांडीवर मेथीची जुडी, चष्म्यावर माझा जुना गॉगल. एकतर ती इथे बसणार, नाहीतर लेथ बंद, एवढंच तिने मला खुणेने आणि थोडं ओरडून सांगितलं.

मी तिला शिकवलं. आवाज चढायला लागला की हात वर कर, फारच बारीक झाला की मूठ मिट. पहिल्या दिवशी तिने मध्येच हात वर केला, मी घाबरून पटाशी मागे घेतली, तर शेजारच्यांचा कुकर झाला होता. दुसऱ्यांदा भाजीवाला आला होता. आम्ही दोघंही हसलो आणि तो वाडगा जाडच राहिला. पण हळूहळू तिचा कान बसला. मेथी निवडता निवडता तिची बोटं थांबायची, मान थोडी कलायची, आणि मला कळायचं की आता लाकूड बोलायला लागलं आहे. मी धुक्याकडे पाहायचं सोडून तिच्या चेहऱ्याकडे पाहून कातू लागलो. इतक्या वर्षांत तिच्या तोंडाकडे एवढा वेळ मी कधी पाहिलं नव्हतं.

रस्ता रुंद करताना कॉलनीबाहेरचा शिरीष तोडला, त्याचा शेवटचा ओंडका मी राखून ठेवला होता. तो लावला. न थांबता एका दमात पुरा करायचा होता. दुपार कलत गेली, उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकला, पाण्याचे तुषार त्यात चमकत होते. तिची मेथी केव्हाच निवडून झाली होती. तिचा हात वर गेला आणि तसाच राहिला. मी केसभर, पुन्हा केसभर आत गेलो. तिने डोळे मिटले. मग मूठ मिटली आणि मी पटाशी मागे घेतली.

लेथ थांबला. धुकं विरलं आणि त्यातून कड बाहेर आली. वाडगा इतका पातळ होता की कडेला बोट लावलं तर ती हलत होती. मी खूश होतो, आणि मला वाईटही वाटत होतं, कारण लाकडातून असा आवाज मी याआधी कधी काढला नव्हता आणि काढला तेव्हा तो मला ऐकू आला नाही. कानात मशीन घातलं आणि तिला विचारलं, शेवटी कसा वाजत होता ते सांग.

तिने गॉगल काढला. वाडग्याच्या कडेवरून एक बोट फिरवलं. तिचं माहेर येवल्याकडचं. मनातलं बोलायचं असलं की तिची बोली तिकडे जाते.

"तुम्ही पहिले आतल्या खोलीतून मला हाक मारायचे ना, कुणाला ऐकू जाऊ नये अशी," ती म्हणाली. "तसा. लय दिवसांनी ऐकला."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. माझे कान गेले तसा माझा आवाज वाढत गेला होता, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात मी किती वर्षं ओरडत होतो कोण जाणे.

ती मेथी घेऊन उठली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. मी कानातलं मशीन काढून हातात धरलं आणि जमेल तितक्या हळू तिला हाक मारली. माझी मला ऐकू आली नाही. दारापाशी पोचलेली ती थांबली आणि मागे वळली.