फ्रिपर

लातुरात मलिका घरोघरी स्टीलची भांडी देऊन जुने कपडे घेते आणि ते धुऊन बाजारात विकते. परवा एका बंगल्यातून आणलेलं गाठोडं तिनं घरी उघडलं. वर घडीच्या साड्या होत्या, आत ओकारी वाळलेल्या चादरी.

शेजारी अभ्यासाला बसलेली लेक अर्शिया म्हणाली, "अम्मी, इंग्रजीत जुने कपडे विकणाऱ्याला पूर्वी फ्रिपर म्हणायचे. जुन्या फ्रेंचमधल्या चिंधीच्या शब्दावरून."

"म्हंजी तिकडंबी आपलं नाव चिंधीच. अन् असली घाण देणाऱ्याला काय म्हणतेत?"



मलिकानं गाठोडं बांधलं, बंगल्याच्या पायरीवर नेऊन टाकलं आणि आपली भांडी परत मागून घेतली. घरी येऊन साबणानं हात घासले, तरी त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.