नरखेडच्या बागेत पिल्लू परत द्यायला गेले

मागच्या आठवड्यातली पोस्ट शोधत असाल तर ती मी काढून टाकली आहे. संत्र्याच्या बागेतून मी रानमांजराचं पिल्लू कसं वाचवलं, असं त्यात रंगवून लिहिलं होतं आणि तुम्ही सगळ्यांनी खाली माझं तोंडभरून कौतुक केलं होतं. दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. शुक्रवारी दुपारी मी आमच्या बेस्याहून पुन्हा नरखेडकडे निघाले, तेच पिल्लू जिथून उचललं तिथे ठेवायला.

आधी काय घडलं ते सांगते. सोमवारी संत्र्याची तोडणी बघायला आम्ही माझ्या चुलतदिरांच्या, शरदभाऊंच्या बागेत गेलो होतो. धुऱ्याजवळच्या, म्हणजे शेताच्या बांधाजवळच्या गवतात हे इवलंसं पिल्लू एकटंच बसलेलं दिसलं. शरदभाऊ म्हणाले, "वहिनी, राहू द्या. त्याची माय येते संध्याकाळी."

मी काय म्हणावं? "शेतात राहून राहून तुमचं मन दगडाचं झालंय, भाऊजी." पंधरा माणसांसमोर म्हटलं. पिल्लू ओढणीत गुंडाळलं, घरी आणलं, दूध पाजलं, चिंगी नाव ठेवलं. दूध देताना "ये गं चिंगी, ये ये" म्हणायचे. बुधवारपर्यंत ती माझा आवाज ऐकला की पलंगाखालून धावत यायला लागली. मला वाटलं, काय लळा लागलाय! मग एका मैत्रिणीने फोन करून सांगितलं की वन्यप्राणी घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि माझी सगळी माया भीतीने पळाली. खोटं कशाला बोलू, चिंगीच्या भल्यासाठी नाही, स्वतःच्या भीतीने मी तिला शुक्रवारी सकाळी जखमी प्राण्यांच्या उपचार केंद्रात नेलं.

तिथे काम करणारा मनोज भेटला. तिशीचा, बारीक अंगाचा, इतकं हळू बोलणारा की आपण पुढे झुकून ऐकावं. त्याने विचारलं, "कधी उचललं, ताई?"

"काल संध्याकाळी," मी म्हणाले. चार दिवस झाले म्हणायला जीभ रेटेना.

"मग तर चान्स आहे," तो खूश झाला. "आई तीन-चार दिवस तिथंच शोधते. मग बाकीचे पिल्लं घेऊन जागा बदलते. आजच नेऊ." डॉक्टरांनी पिल्लू तपासलं, मनोजने वनविभागाला कळवून परवानगी घेतली आणि जागा दाखवायला मला केंद्राच्या गाडीत सोबत घेतलं.

ज्यांना या बाजूला यायचंय त्यांच्यासाठी: बेस्याहून रिंग रोडने काटोल नाका गाठायचा, पुढे काटोल आणि मग नरखेड. साधारण शंभर किलोमीटर धरा, रस्त्याची कामं लागली तर अडीच-तीन तास. एसटीने यायचं तर काटोलला गाडी बदला. काटोलच्या स्टँडबाहेर तर्रीत बुडवलेला आलूबोंडा तीस रुपयांत मिळतो, एकाने पोट भरतं. एरवी मी दोन खाते, त्या दिवशी एकही उतरेना. मनोज वाटेत परत परत विचारत होता, काल किती वाजता, ऊन होतं का, आई दिसली होती का. चोराच्या मनात चांदणं, मी प्रत्येक वेळी थोडं थोडं खोटं वाढवत गेले. पिल्लाच्या पेटीवर कापड टाकलेलं होतं. तो म्हणाला, "तिच्यासमोर बोलायचं नाही, ताई. माणसाचा आवाज तिला भीतीचाच वाटला पाहिजे." मी मान हलवली.

बागेत पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. तोडणीवाल्या बाया क्रेट भरत होत्या. त्यातल्या कांताबाई, साठीच्या असतील, मला बघून उभ्या राहिल्या.

"तूच नेलं का वं ते पिल्लू, सोमवारी? त्याची माय तीन दिस या धुऱ्यावर ओरडून राहिली होती. आमच्या हातचं काम सुटे. काहून नेलं वं?"

सोमवारी! मनोजने माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शरदभाऊ तिथेच उभे होते, ते बिचारे संत्र्यांकडे बघायला लागले.

"चार दिवस झाले," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त कांताबाईंना विचारलं, "मावशी, आता ती कुठं आहे?"

"बाकीचे दोन पिल्ले तोंडात धरून काल तिकडे पऱ्हाटीत गेली." त्यांनी कपाशीच्या शेताकडे हात केला. त्या बोलल्या नसत्या तर माझ्या खोट्याच्या भरवशावर आम्ही रिकाम्या धुऱ्याजवळ बसून राहिलो असतो.

पऱ्हाटीच्या कडेला मनोजने एक क्रेट आडवा ठेवला, चिंगीला आत सोडलं आणि आम्ही थोडं दूर गाडीत काचा थोड्या उघड्या ठेवून बसलो. मला बसू दिलं हेच पुष्कळ. चिंगी बारीक आवाजात ओरडत होती. अर्धा तास गेला. मग पऱ्हाटीतून एक राखाडी मांजर बाहेर आलं. लांब पाय, उभे कान. दोन पावलं टाकायची, थांबायची. पोट खपाटीला गेलेलं होतं तिचं. ती क्रेटपासून हातभर अंतरावर आली आणि चिंगी बाहेर निघाली.

आणि मी बोलले. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "जा गं चिंगी, जा!" कुजबुजलेच होते, पण त्या शांततेत पुरेसं होतं. चिंगीने मान वळवली आणि आईकडे पाठ करून दुडूदुडू गाडीकडे धावत आली. आई एक क्षण थांबली. मग पऱ्हाटी हलली आणि ती दिसेनाशी झाली.

मनोजने खाली उतरून पिल्लू उचललं. "ताई, तुम्ही आता घरी जा," एवढंच म्हणाला. शरदभाऊंनी मला नरखेडच्या स्टँडवर सोडलं. मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, तुम्हाले माहीत नव्हतं." माहीत कसं नव्हतं? त्यांनीच तर सांगितलं होतं.

मनोज शरदभाऊंकडे आणखी दोन दिवस राहिला. रोज संध्याकाळी क्रेट मांडला. आई आली नाही.

पिल्लू आता केंद्रात आहे. तुमच्यापैकी खूप जणांनी विचारलंय की बघायला कधी जाता येईल. जाता येणार नाही, आणि कृपा करून जाऊ नका. ती शिकार शिकली आणि माणसाला घाबरायला लागली तर वर्षभरात तिला जंगलात सोडतील. नाही लागली तर जन्मभर जाळीत.

काल मी मनोजला फोन केला. म्हणाला, खाते चांगली, पण बाईचा आवाज आला की अजून जाळीशी येऊन बसते. तिथे झाडझूड करणाऱ्या मावशींना दिवसभर बोलायची सवय, त्यांना आता त्या बाजूला तोंड उघडायला मनाई केली आहे. मी विचारलं, माझ्याकडून काही मदत होईल का.

"तुम्ही फोन करता ना, ताई, तेव्हा मी तिच्याजवळ असलो तर तुमचा आवाज बाहेर येतो," तो म्हणाला. "फोन नका करू."