साफ केलेला काठ

सासऱ्यांना स्वच्छतेचं वेड आहे, हे लग्न ठरवतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. साताऱ्याहून ते सहा महिन्यांसाठी मिनेसोटात आमच्याकडे आले आणि जेट लॅग उतरायच्या आत म्हणाले, मागच्या अंगणाची काय दशा करून ठेवलीय!

मागचं अंगण म्हणजे तळ्याचा काठ. तिथलं कंबरभर गवत आणि झुडपं मी मुद्दाम वाढवली होती. शेजाऱ्यांनीही वाढवावीत म्हणून किती उन्हाळे त्यांचं डोकं खाल्लं, ते माझं मला माहीत. आमच्या तळ्यात टलिबी नावाचा चंदेरी मासा आहे. त्याला थंडगार पाणी लागतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खोल जातो. पण काठावरून माती आणि लॉनचं खत वाहून आलं की शेवाळ माजतं, तळाशी जाऊन कुजतं आणि खालचा ऑक्सिजन संपवतं. मग वर जावं तर गरम, खाली राहावं तर श्वास नाही. काठावरचं गवत ती घाण अडवतं. एवढीशी गोष्ट.

ही एवढीशी गोष्ट मी बाबांना चहा पिताना नीट समजावली. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन बघते तर काठ चकाचक! झुडपं मुळासकट उपटलेली, वर खराट्यानं झाडलेलं. गवत कापायचा ट्रिमर नवऱ्यानंच काढून दिला होता. मी त्याच्यावर अशी उखडले की बोलायची सोय नाही. तो म्हणे, यार, त्यांना दिवसभर काहीतरी काम नको का?

बाबांचं म्हणणं, गवतात साप येतात, आणि सुनेच्या दारात रान माजलेलं लोकांना दिसलं तर बरं नाही. लोक म्हणजे कोण, बदकं? पण हे मी मनातच म्हटलं. सासऱ्यांना तोंडावर काय बोलणार, कप्पाळ! मी त्यांना पोहे दिले आणि आत जाऊन पुन्हा नवऱ्याशी भांडले.

लोकांनी मात्र पाहिलं होतं. ज्या शेजाऱ्याला पटवताना माझ्या नाकी नऊ आले होते, त्यानं आमचा काठ बघून खुशाल आपलाही कापला. त्याचं बघून पलीकडच्यांनी. मला अक्षरशः रडू आलं. जुलैच्या वादळी पावसात सगळी माती तळ्यात गेली आणि पाणी हिरवंगार झालं.

ऑगस्टच्या उकाड्यात एका सकाळी बाबांनी मला हाक मारली. टलिबी उलटे होऊन तरंगत होते, आमच्या काठापासून शेजाऱ्याच्या धक्क्यापर्यंत. आमच्या एकट्या काठानं हे झालं नाही, उन्हाळाही भयंकर होता, हे मलाही कळतं. बाबा मासे वेचायला बादली घेऊन उभे होते.

"एवढं साफ केलं होतं मी," ते म्हणाले. "मग मेले कसे गं?"

"साफ केलं म्हणूनच, बाबा."

त्यांनी बादली खाली ठेवली.

"मग तेव्हाच ओरडायचंस ना माझ्यावर," ते म्हणाले. "त्याच्यावर कशाला ओरडत बसलीस?"