गाडीखालचे तीन ठोके

भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. अडतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये फिटर होतो, रोलिंग मिलमध्ये. तिथं आवाज आला की त्याला कारण असतं... बेअरिंग गेलं, बोल्ट सैल झाला, नाहीतर कोणीतरी काहीतरी विसरलं. इथले भुताखेतांचे अनुभव मी सकाळच्या चहासोबत वाचतो आणि वाचून झालं की बायकोला म्हणतो, "पाह्य वो, लोकं काय काय लिहून राहिले!" आता मीच लिहायला बसलो म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातून हसतेय. हसू दे. माझी मराठी घरातली आहे, बाहेर जन्म सगळा हिंदीत गेला, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

तर गाडी. रिटायर झाल्यावर मी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं मोटरहोम केलं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि मेन गोष्ट म्हणजे संडास. सुमनचे, म्हणजे माझ्या बायकोचे, दोन्ही गुडघे गेलेले. काठी घेऊन चालते. बसची पायरी तिला चढवत नाही आणि ट्रेनमध्ये बसली की पाण्याचा घोट घेत नाही, संडासला उठावं लागेल म्हणून. तिची मोठी बहीण वत्सलाताई जगदलपूरला असते. चार वर्षं दोघींची भेट नाही. फोनवर दोघी बोलायच्या, मग रडायच्या, मग फोन ठेवून सुमन दिवसभर गप्प. मला ते बघवेना. म्हणून ही गाडी. शेजारपाजारचे तिला 'चलता-फिरता क्वार्टर' म्हणतात.

पहिली ट्रायल जवळच्या अहिवाऱ्यापर्यंत काढली आणि परत येताना फॅन बेल्ट तुटला. आत भट्टी झालेली, म्हणून सुमन तीन तास रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली, डोक्यावर पदर घेऊन. ओरडली नाही. फक्त घरी आल्यावर म्हणाली, "आयका जी. अजून एक डाव मले असं रस्त्यावर बसवलं ना, तं मी ह्या गाडीत पाय नाही ठेवणार. ताईची भेट नाही झाली तं नाही झाली." ती असं म्हणाली की तसंच करते. चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

म्हणून जगदलपूरला निघायच्या आधी मी गाडीचा एकेक नट तपासायला घेतला. शेवटचं काम ग्रीसिंग. दर पाच हजार किलोमीटरला मी स्वतः करतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. पुढच्या चाकांच्या पिना, कमानपाट्यांच्या पिना, आणि मधला तो लांब प्रोपेलर शाफ्ट, जो इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेतो. त्याच्या जोडांमध्ये क्रॉस असतात, अधिकच्या चिन्हासारखे. प्रत्येक ठिकाणी एक छोटी निपल असते, तिला ग्रीस गन लावायची आणि पंप मारायचा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसलं की समजायचं झालं.

आता आमची एक पद्धत. मिलमध्ये इतका गोंगाट की माणसाला माणसाचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून माझे उस्ताद नत्थूजी, गोंदियाकडचे, त्यांनी पान्ह्यानं बोलायला शिकवलं होतं. खाली घुसलेल्यानं ग्रीस मारलं की लोखंडावर एक ठोका द्यायचा... 'झालं'. वरच्यानं दोन ठोके द्यायचे... 'आयकलं, पुढं चल'. ही सवय माझी सुटली नाही. मी गाडीखाली जातो तेव्हा सुमन बंपरजवळ खुर्ची टाकून बसते. मी पान्ह्यानं एक देतो, ती काठीनं बंपरवर दोन देते. तिला त्यात मजा वाटते. मला सोबत होते.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. लखलखीत ऊन. चाकांना लाकडाचे गुटके लावले, गोणपाटाचा बोरा अंथरला आणि घुसलो. पुढच्या चाकांपासून सुरुवात केली. एक ठोका, वरून दोन. पुढं. एक, दोन. पुढं. असं करत शाफ्टच्या मधल्या क्रॉसपर्यंत सरकलो. गन लावली, पाच-सहा पंप मारले, निपलपाशी ग्रीस दिसलं. ठोका दिला.

वरून तीन आले.

मी म्हटलं, "काय वो, मोजता येत नाही काय?" आणि परत एक दिला.

परत तीन. सावकाश. टण... टण... टण.

माझा स्वभाव तापट आहे, लपवत नाही. "मारलं ना ग्रीस! कावून ठोकून राहिली?" असं ओरडून मी मान वळवली. बंपरच्या पलीकडे खुर्चीचे चार पाय दिसत होते. सुमनचे पाय नव्हते. आणि तेव्हा डोक्यात आलं की मघापासून आवाज काठीचा नव्हताच. काठी बंपरवर ठक वाजते. हा लोखंडावर लोखंडाचा आवाज होता.

घाबरलो, खोटं कशाला सांगू. पण हात मात्र आपोआप परत त्या क्रॉसकडे गेला. कारण तीन ठोक्यांचा अर्थ मला माहीत होता... 'मागं ये, एक जागा सुटली.'

टॉर्च लावून नीट बघितलं. ग्रीस आत गेलंच नव्हतं. निपलच्या तोंडाशी नुसतं भजं झालं होतं. नखानं खरवडलं तर काळा पेंट निघाला. आणि मग डोक्यावर हात मारून घ्यायची पाळी आली. विश्वकर्मा पूजा! आमच्या भिलाईत त्या दिवशी घरोघरी गाड्या धुतात, हार घालतात. मी महिन्याभरापूर्वी मोठ्या हौसेनं अख्खी चेसिस काळ्या रंगानं चमकवली होती. त्या हौसेत ही एक निपल रंगानं बुजवून टाकली. क्रॉसच्या टोप्यांवरही जाड रंग. तो पेचकसानं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरनं, खरवडला तर खालून लाल भुकटी गालावर पडली. गंजाची. शाफ्ट हातानं हलवला तर जोड कटकट वाजला. आतलं बेअरिंग संपलेलं. जुन्या गाडीचं ते आधीपासूनच जात आलं असणार. अडतीस वर्षं फिटर, आणि देवाच्या पूजेसाठी रंग देऊन मीच ते झाकून ठेवलं होतं.

बाहेर आलो तर सुमन ओट्यावर उभी. हाताला पीठ.

"कोणावर ओरडून राहिले जी?"

"तू कुठं होती?"

"मी तं आत होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तवाच गेली. तुमच्या पुढच्या चाकाचंच चालू होतं."

"मंग ठोकत कोण होतं?"

"काठी पाहा ना, दाराला टेकवून आहे."

शेजारच्या लक्ष्मीअम्मा आंध्रातल्या, त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "भैया, इधर तो कोई नहीं आया. आपका पैर दिख रहा था और आप अकेले बात कर रहे थे." म्हणजे झालं, कॉलनीत बातमी पोचली असणार.

पण खरी गोष्ट पुढं आहे. एक आणि दोन ठोके सुमनला माहीत होते. तीनचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षांत कोणालाच नाही. लाज वाटायची.

मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. मिलमध्ये सकाळची पहिली पाळी होती, आणि दुपारी दुर्गला मुलगी बघायला जायचं होतं. डोक्यात दुसरं काही नाही. रोलरखालचं एक बेअरिंग फार अडचणीत होतं, पोटावर सरपटत जावं लागायचं. नवा शर्ट डब्यासोबत आणलेला... मी ते बेअरिंग ग्रीस न मारताच सोडलं आणि एक ठोका दिला. नत्थूजींना कसं कळलं देव जाणे. वरून तीन आले. मी बेशरमासारखा परत एक दिला. मग सावकाश दोन आले. मी पळालो.

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी जाऊन बघतो तर बेअरिंगला ताजं ग्रीस. कंबर धरून चालणारे नत्थूजी ड्यूटी संपल्यावर तिथं सरपटत गेले होते. मला एक शब्द बोलले नाहीत. डबा खाताना एवढंच विचारलं, "कावून बाबू, पोरगी पसंत पडली ना?" मी मान हलवली. ती मुलगी म्हणजे सुमन. पुढं नत्थूजी रिटायर होऊन गावाकडं गेले, तिकडंच वारले. 'उस्ताद, मी खोटं ठोकलं होतं' एवढं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. फार वाईट वाटतं मला त्याचं. त्या ओट्यावर बसून पहिल्यांदा सुमनला सगळं सांगितलं. तिनं पदरानं माझ्या गालावरचा गंज पुसला.

दुपारी शाफ्ट उतरवून पॉवर हाउस भागातल्या मिस्त्रीकडं नेला. त्यानं क्रॉस हातात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. "दादा, कहाँ जा रहे थे?" "जगदलपूर." "केशकाल घाट में शाफ्ट नीचे गिर जाता. ब्रेक का पाइप भी साथ ले जाता." घाटात, चढावर, मागं पलंगावर सुमन... एवढंच डोळ्यासमोर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा क्रॉस बसवला. सुमन खुर्चीवर, मांडीवर ताट, मटार सोलत होती. मी मुद्दाम तिला सांगितलं, "आज तू ठोकू नको." निपलला गन लावली. चारही टोप्यांतून स्वच्छ ग्रीस बाहेर आलं. मग पाठीवर पडल्यापडल्या, कोणी ऐकलं तर ऐकू दे म्हणून, मोठ्यानं बोललो, "उस्ताद, तवा मारलं नवतं. खोटं ठोकलं होतं मी. आज मारलं." आणि एक ठोका दिला.

काही नाही. कुठंतरी स्कूटर गेली. म्हटलं, म्हातारपणी वेड लागलं आपल्याला.

आणि मग... टण, टण.

मी वळून बघितलं. सुमनचे पाय तिथंच होते. बाहेर सरकलो. ताट मांडीवर, काठी खाली जमिनीवर आडवी, दोन्ही हातांत मटाराच्या शेंगा. ती हललेली नव्हती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

"मी नाही जी," ती म्हणाली. मग हळूच, "दोन आले ना?"

"हाव. दोन."

"चला मंग. लोणच्याची बरणी काढते ताईसाठी."

जवळच्या उतई गावापर्यंत एक चक्कर मारून आलो आणि तिसऱ्या दिवशी निघालो. घाट मजेत पार पडला. सुमन मागं झोपली होती, चक्क घोरत होती. जगदलपूरला वत्सलाताई फाटकातच उभी. दोघी बहिणी गाडीतल्या पलंगावर बसून तीन दिवस बोलत होत्या, घरात यायलाच तयार नाहीत. मी बाहेर खाट टाकून पेपर वाचला. इतकं समाधान मला रिटायरमेंटच्या हारातही वाटलं नव्हतं.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, मेटल उन्हानं फुगतं, आवाज होतो." होतो ना, मलाच काय शिकवतो. पण दर वेळी बरोबर माझ्या ठोक्यानंतर? आणि तीन नेमके तिथंच? आणि कबूल केल्यावर दोन? मला उत्तर माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर लिहा, मी भांडणार नाही.

त्यानंतर दोनदा ग्रीसिंग झालं. तसा आवाज परत आला नाही. काठीनं सुमनच ठोकते, आणि तीनचा अर्थ आता तिलाही माहीत आहे. परवा मी घाईघाईत एक पिन उरकली तर वरून ठक ठक ठक... मागं सरकलो आणि पुन्हा मारली.