मंडईचं निमंत्रण आणि फॉरेनचा पाहुणा

माझी कीर्ती सातासमुद्रापार पोहोचली होती, आणि त्यात माझा काहीच दोष नव्हता.

वडशाजवळच्या आमच्या गावात बसून मी राइस मिलवाल्यांचे इन्कमटॅक्सचे रिटर्न भरत असे. (म्हणून लोक मला वकीलसाहेब म्हणत. कोर्टाची पायरी मी आजवर चढलेलो नाही!) दिवाळी झाली होती, रिटर्नची वाढवून मिळालेली शेवटची तारीख तोंडावर आली होती, आणि इंग्रजीत एक ई-मेल आला. 'आपली कीर्ती ऐकली. माझे टॅक्सचे कागद जोडले आहेत, कृपया पाहावेत.' खाली चक्क गोऱ्या माणसाचं नाव!

"सुनंदा, हे पाह्य! फॉरेनचा क्लायंट!" मी बायकोला हाक मारली.

"त्याले तुमचं नाव कोनं सांगतलं?"

"कीर्ती असते एखाद्याची!"

"आपल्या गल्लीत तं कोनी वळखत नाई तुमाले."

मी दुर्लक्ष केलं आणि ती फाइल उघडू लागलो. उघडेना. मग जोरात दाबून पाहिलं. (जोरात दाबलं की फाइल उघडते, असा तेव्हा माझा समज होता!) पडदा काळा पडला तो पडलाच. सगळ्या मिलवाल्यांचे तयार रिटर्न आतल्या आत गडप! वर फाइलमधून आलेल्या व्हायरसने जाता जाता तोच मेल माझ्या नावाने सगळ्या क्लायंटना धाडला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, नाटक होतं, आणि ओळखीच्या प्रत्येकाला जेवायला बोलवायची रीत आहे. आमची मंडई नेमकी दुसऱ्या दिवशी होती. वकीलसाहेबांचा मेल आलाय, सोबत काहीतरी जोडलंय! इंग्रजी मजकूर कोणी वाचलाच नाही, मिलवाल्यांनी एकच अर्थ काढला. मंडईच्या संध्याकाळी आमच्या दारात जीपांची रांग लागली.

"निमंत्रण उघडलं नाई, पन भावना पोचल्या!" सगळ्यात मोठे मिलवाले नामदेवभाऊ म्हणाले. "उघडता उघडता आमचा कॉम्प्युटरबी बसला. जाऊ द्या. कोंबडा हाय ना?"

सुनंदाने शेजाऱ्यांचे कोंबडे उधार आणले. पंगत बसली, आणि मला राहवेना.

"भाऊ, तुमचे सगळ्यायचे रिटर्न गेले."

"भरले? वा!"

"भरले नाई जी, गेले!"

घास हातातच राहिले. तारीख चुकली तर त्यांना दंड, आणि माझा धंदा कायमचा बंद!

"कागद घरी हायेत, सकाळी आनून देतो," नामदेवभाऊ शेवटी म्हणाले. "पन तारीख हुकली, तं पुढच्या साली दुसरा वकील पाहू. आता रस्सा वाढा!"

ते सगळे नाटकाला गेले. मी मात्र पुढचे दिवस वडशाच्या सायबर कॅफेत बोटं सुजेपर्यंत टायपिंग करत होतो. शेवटच्या दिवशी शेवटचं रिटर्न भरलं गेलं, तेव्हा मला खरंच रडू आलं.

घरी आलो, तर सुनंदा उसनी आणलेली गंजं, म्हणजे पातेली, मोजत होती.

"सगळे आले, जेवले," ती म्हणाली. "तुमचा तो फॉरेनवाला काऊन नाई आला जी?"

काय सांगणार! तो तर सगळ्यांच्या आधी आला होता, आणि सगळं खाऊनसुद्धा गेला होता!