बर्फाच्या डब्यातला रस

अमरावतीच्या मोठ्या लॅबच्या काउंटरवर मी बर्फाचा डबा उघडला आणि आतून आमरस निघाला. बायकोनं तिच्या बहिणीसाठी दिलेला. लघवीचे नमुने कापडी पिशवीत, गाडीच्या डिकीत. अकोल्याहून इथवर, भर एप्रिलात.

काउंटरवरची मुलगी हसली. मीही हसलो. नमुने थंडच आणायचे, ही सूचना मी अकोल्यात जिथे नोकरी करतो, त्याच कलेक्शन सेंटरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली आहे. बाटल्या तशाच दिल्या, रस मेहुणीकडे पोचवला. रसाचं कौतुक झालं.

नमुने एका शाळेच्या बसड्रायव्हरांचे होते. दारू आणि नशेची तपासणी बसचा मालक अधूनमधून करून घेई. रिपोर्ट आले. सगळे निगेटिव्ह, एक सोडून. बार्शीटाकळीचे शेषराव. अल्कोहोल पॉझिटिव्ह.

मालकानं लगेच बसची किल्ली काढून घेतली. शेषराव थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. गळ्यात तुळशीची माळ.

"साहेब, मी पेणारा माणूस वाटतो काय तुमाले?"

मला डिकी आठवली. अमरावतीला फोन करून उरलेल्या नमुन्यावर दोन टेस्ट करायला सांगितल्या. एक ईटीजी. दारू पोटात गेली की शरीर तिच्यापासून हा पदार्थ बनवतं आणि तो लघवीत उतरतो. बाहेर आंबून झालेल्या दारूत तो नसतो. निगेटिव्ह. दुसरी साखरेची. पट्टीचा रंग शेवटच्या खुणेपर्यंत गेला. लघवीत साखर, जरासं यीस्ट, वर अकोल्याचं ऊन. शेषराव प्यायले नव्हते. हातभट्टी माझ्या डिकीत लागली होती.

मालकाला म्हटलं, "नमुना बाद धरा. चूक माझी आहे."

"बाद म्हनून नाही भागत, भाऊ. दारू आली कुठून, ते लिहून द्या. लेकरायच्या मायबापाले मी काय सांगू?"

लिहायचं तर साखर लिहावी लागणार. शेषरावांचं रक्त तपासलं आणि साखरेचा आकडा पाहून पुन्हा एकदा तपासलं. मधुमेह, तोही बराच वाढलेला. त्यांना स्पष्ट सांगितलं, "नाही लिहिलं तर संशय राहील. लिहिलं तर बस जाईल. तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली.

"लिवा साहेब. बिमार म्हनून घरी जातो. बेवडा म्हनून नाही जात."

लिहिलं. मालकानं सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्यांची माफी मागितली आणि बस दुसऱ्याला दिली. रस्त्यात चक्कर आली तर आत लेकरं असतात. त्याचंही चुकलं नव्हतं. चुकलेला एकटा मीच होतो, आणि माझी नोकरी शाबूत होती.

आता डब्यावर मी लाल रंगानं 'लघवी' असं लिहून ठेवलंय. घरातलं कुणी त्याला हात लावत नाही.

जेवताना बायकोला सगळं सांगितलं. निम्मा दोष तिच्या रसावर ढकलायचा, असं ठरवूनच बसलो होतो. ती ताटावरून नजर न उचलता म्हणाली,

"रस खराब झाला असता, त फेकून देला असता. कोनाच्या ताटात नसता वाढला."